सुईचें माप

जुन्या वस्तूंविषयीं आपल्याकडे दोन टोकांच्या वृत्ती दिसून येतात. कांहीं लोक वस्तु जुनी झाली कीं ती मोडींत घालतात. कांहीं तिला देव्हाऱ्यांत बसवून तिच्यावर कोणाचा हातही पडूं देत नाहींत. ती पुन्हां कामास लावावी, आणि तीही तिच्या मूळ स्वरूपांत, असें म्हणणारे लोक थोडे. कारण तसें करूं जातांच एक अवघड प्रश्न उभा राहतो. मूळ स्वरूप म्हणजे कोणतें? हा प्रश्न ग्रंथ व शिलालेख यांच्या अभ्यासकांचा आहे अशी माझी समजूत होती. गेल्या पावसाळ्यांत एका जुन्या मोटारीच्या कार्ब्युरेटरनें ती दूर केली.

मोटार माझी नव्हे. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या वडिलांनीं घेतलेली ती मॉरिस मायनर पुण्यांतील एका वाड्याच्या चौकांत बरींच वर्षें उभी होती. स्नेह्यांनीं ऐंशी वर्षें ओलांडलीं होतीं. ती गाडी एकदां आपल्या चाकांवर दिंडी-दरवाजाबाहेर गेलेली पाहावी, एवढीच त्यांची इच्छा. इंजिन सुरू होई, क्षणभर गुरगुरे आणि बंद पडे. दोष कार्ब्युरेटरचा, यावर सर्वांचें एकमत होतें. त्यांतील कोणता भाग बदलावा, आणि तो आणावा कोठून, याविषयीं मात्र प्रत्येकाचें मत निराळें. जुन्या माहितीपुस्तकांतील इंग्रजी वाचून दाखविण्याचें काम माझ्याकडे आलें, आणि त्या निमित्तानें या लहानशा यंत्राचा इतिहास मला पाहावा लागला.

कार्ब्युरेटरचें काम सांगावयास सोपें आहे. पेट्रोल नुसतें जळून इंजिन चालत नाहीं. त्याचें सूक्ष्म तुषार होऊन तें हवेंत ठराविक प्रमाणांत मिसळावें लागतें. वजनानें पाहिलें तर एक भाग पेट्रोलला सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा अधिक झाली तर मिश्रण दुबळें होऊन इंजिन गचके खातें. पेट्रोल अधिक झालें तर काळा धूर निघतो आणि ठिणगीचे प्लग काजळतात. कार्ल बेन्झ यानें १८८६ मध्यें पेटंट घेतलेल्या आपल्या तीनचाकी गाडींत हें मिश्रण अगदीं भोळ्या रीतीनें साधलें होतें. टांकींतील इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा न्यावयाची व तिच्याबरोबर जी वाफ येईल ती घ्यावयाची. इंधनांतील हलके अंश आधीं उडून जात व जड अंश मागें राहत. त्यामुळें प्रवासाच्या आरंभीचें मिश्रण आणि अखेरचें मिश्रण एक नसे.

सुट्या भागांच्या शोधाची कथाही याच गाडीपासून सुरू होते. १८८८ च्या ऑगस्टमध्यें बेन्झची पत्नी बेर्था ही दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टझहाइमला, शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर, त्याच जातीच्या गाडीनें गेली. वाटेंत इंधन संपलें तें तिनें व्हीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. तेथें कारखाना नव्हता, सुटे भाग नव्हते. त्या यंत्राचें काम तिला समजलें होतें, आणि तेवढ्यावर ती पुढें गेली.

पुढची पायरी १८९३ मध्यें आली. बुडापेस्ट येथें दोनात बांकी व यानोश चोंका यांनीं, आणि जर्मनींत दाइम्लरचा सहकारी विल्हेल्म मायबाख यानें, त्याच वर्षीं परस्परांहून स्वतंत्रपणें तुषार उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. फुलांवर पाण्याचे तुषार फुंकणारी एक फुलवाली पाहून हंगेरीच्या त्या दोघांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. तिच्या मागचें तत्त्व मात्र त्याहून जुनें. प्रवाहाचा वेग वाढला कीं त्याचा दाब कमी होतो हें दानिएल बेर्नुली यानें १७३८ मधील आपल्या ग्रंथांत मांडलें होतें. अरुंद गळ्याच्या नळींतून वाहणाऱ्या प्रवाहांचा अभ्यास इटलींतील व्हेंतुरी यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस केला. नळीचा गळा आवळावा, तेथें हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि बारीक तोटींतून पेट्रोल आपोआप वर खेंचलें जाऊन फवारतें. इतकें झालें कीं कार्ब्युरेटर झाला.

परंतु त्यांत एक खोड होती. तोटीचें भोंक कायम असल्यानें, इंजिनाचा वेग वाढत जाई तसें पेट्रोल हवेच्या प्रमाणाबाहेर येऊं लागे. मंद वेगास योग्य असलेलें मिश्रण भर वेगास अति दाट होई. यावर फ्रान्समध्यें बाव्हरे यानें दुसरी पूरक तोटी बसविली. झेनिथ हें नांव तिच्यामुळें प्रसिद्धीस आलें. इंग्लंडांत हर्बर्ट स्किनर यानें निराळीच वाट धरली. भोंक कायम कां असावें, असाच प्रश्न त्यानें विचारला.

स्किनर हा यंत्रकाराच्या घराण्यांतला नव्हता. त्याचें घराणें जोड्यांच्या धंद्यांतलें; लिली अँड स्किनर ही त्यांची पेढी लंडनमध्यें नांवाजलेली होती. हर्बर्टनें १९०४ च्या सुमारास केलेल्या पहिल्या कार्ब्युरेटरांत चामड्याचा एक भाता होता, आणि तो आपल्या आईनें शिवल्याची आठवण त्याच्या मुलानें सांगितली आहे. इंजिन जितकी हवा ओढी तितका भाता वर उचलला जाई. हवेची वाट त्याबरोबर रुंद होई. आणि भात्याला लावलेली एक निमुळती सुई तोटींतून वर सरके, म्हणून पेट्रोलची वाटही तितकीच मोकळी होई. तोटीवरील हवेचा वेग त्यामुळें जवळजवळ एकसारखा राही. पुढें चामड्याच्या भात्याच्या जागीं धातूचा दट्ट्या आला. कल्पना तीच राहिली. १९०६ मध्यें पेटंट मिळालें. १९१० मध्यें कंपनी स्थापन झाली. स्किनर्स युनियन या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचें नांव एस. यू. पडलें. धाकटा भाऊ कार्ल यानें घरच्या जोड्यांच्या धंद्यांतील आपला भाग विकून या कामांत घातला. तरीही धंदा रखडत चालला होता. शेवटीं १९२६ मध्यें मॉरिस मोटारींचा मालक विल्यम मॉरिस यानें कंपनी विकत घेतली, आणि एस. यू. कार्ब्युरेटर मॉरिसच्या गाड्यांबरोबर जगभर पसरला.

आतां त्या सुईकडे वळूं. सामान्य मोटारींच्या एस. यू. तोटीचें भोंक ०.०९० इंच असतें, आणि सुई मुळाशीं ०.०८९ इंच. सुई व तोटी यांच्यामधील कड्यासारख्या फटींतून पेट्रोल येतें. वाचकांनीं कागदावर हिशेब करून पाहावा: भोंक झिजून ०.०९१ झालें, म्हणजे अवघा एक सहस्रांश इंच वाढलें, तर मुळाशीं ही फट क्षेत्रफळानें दुप्पट होते. मनुष्याचा केंसही याहून जाड असतो. डोळ्याला दिसत नाहीं आणि बोटाला लागत नाहीं, अशा झिजेनें गाडी दुप्पट पेट्रोल पिऊं लागावी, हें या यंत्राचें वर्म आहे.

म्हणूनच कारखान्यानें प्रत्येक सुईच्या मुळावर तिचें अक्षर किंवा अंक कोरला, आणि प्रत्येक अक्षरापुढें दर अष्टमांश इंचावरील जाडी लिहिलेलीं कोष्टकें छापलीं. कोष्टक हातीं नसेल तर ती सुई म्हणजे पितळेची एक काडी. कोष्टक असेल तर ती सत्तर वर्षांनंतरही जशीच्या तशी पुन्हां करतां येते. इंग्लंडांतील नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर १९९० च्या दशकांत नाहींसा झाला, परंतु एस. यू.चे हक्क १९९६ मध्यें सॉल्झबरी येथील बर्लेन कंपनीनें घेतले, आणि या सुया आजही मिळतात. त्यांचीं मापें कोणीतरी नीट लिहून ठेविलीं होतीं, हें त्याचें मुख्य कारण.

एवढ्याशा भोंकाचें महत्त्व किती असावें, याचें एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासांत आहे. १९४० मध्यें ब्रिटनच्या आकाशांत लढलेल्या स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनांना एस. यू.चाच, पण निराळ्या बनावटीचा, कार्ब्युरेटर होता. वैमानिकानें एकाएकीं नाक खालीं करून सूर मारला कीं पेट्रोल उलट्या दिशेनें उसळे. इंजिन आधीं उपाशी राही आणि लगेच पेट्रोलच्या पुरानें गुदमरे. जर्मन विमानांत पेट्रोल पिचकारीनें सोडण्याची योजना असल्यानें त्यांना ही अडचण नव्हती. तीं सूर मारून निसटत. फार्नबरो येथील संशोधनकेंद्रांतील बिआट्रिस शिलिंग या स्त्री-अभियंत्यानें यावर जो तात्पुरता उपाय काढला तो म्हणजे भोंक पाडलेला पितळेचा एक लहानसा तुकडा. भोंक असें मोजलेलें कीं, इंजिनाला पूर्ण शक्तीस जितकें पेट्रोल लागतें तितकेंच आंत जावें, अधिक नको. विमान कामावरून न काढतां तो बसवितां येई. आपल्या लहान तुकडीसह तळातळावर फिरून तिनें तो बसविण्याचें काम केलें, आणि १९४१ च्या मार्चपर्यंत लढाऊ विमानांत तो सर्वत्र बसला.

हिंदुस्थानांत हा कार्ब्युरेटर मॉरिसच्या मार्गानेंच आला. १९४२ मध्यें स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्सनें मॉरिसच्या नमुन्यांवरून गाड्या बांधल्या. मॉरिस मायनर येथें बेबी हिंदुस्थान झाली. मॉरिस ऑक्सफर्डच्या एका नमुन्यापासून अँबॅसेडर निघाली, आणि ती उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत तयार होत होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले, तेव्हां बाहेरच्या गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. मग एका गाडीचा भाग दुसरीला, दुसरीचा तिसरीला, अशी परंपरा सुरू झाली. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार यांनीं अनेक गाड्यांना जीवदान दिलें. ज्या मिस्त्रींनीं त्या गाड्या चालत्या ठेविल्या त्यांचें कौशल्य असामान्य होतें. परंतु त्यांनीं केलेलें बहुधा लिहून ठेविलें नाहीं. भाग बदलला गेला, आणि बदलल्याची आठवण मिस्त्रीबरोबर गेली.

आमच्या स्नेह्यांच्या गाडींत हेंच झालें होतें. एका वयस्क मिस्त्रींनीं कार्ब्युरेटर खोलला, प्रत्येक भाग धुऊन जुन्या पंचावर ओळीनें मांडला, आणि सुई उजेडाकडे धरून म्हणाले, "सर, नांव कंपनीचं आहे, पण सुई कंपनीची राहिली नाहीं. कुणीतरी हिला घासलीय." मुळावरचें अक्षर स्पष्ट होतें, मायक्रोमीटरनें मोजतां मात्र एकही माप कोष्टकाशीं जुळेना. कोणीतरी काचकागदानें ती बारीक केली होती. जुन्या पोथ्यांत असा प्रकार भेटतो. शेवटची पुष्पिका खरी असते, लेखकाचें नांव खरें असतें. आंतल्या मजकुरांत मात्र मधल्या हातांनीं आपापली भर घातलेली असते.

शोध सुरू झाला. जुन्या बाजारांत एका डब्यांत पंधरा-वीस सुया सुट्या मिळाल्या. निम्म्यांवरचीं अक्षरें पुसलेलीं, उरलेल्यांत आम्हांस हवें तें अक्षर नाहीं. एका दुकानदारानें "अगदीं तीच" म्हणून दिलेली सुई नक्कल निघाली. शेवटीं स्नेह्यांच्या नातवानें ती इंग्लंडहून मागविली. ती कोष्टकाशीं तंतोतंत जुळली. आम्हीं ती बसविली, आणि गाडी पूर्वीपेक्षांही वाईट चालूं लागली. आतां तर ती क्षणभरही टिकेना. स्नेही कांहीं बोलले नाहींत. आंत जाऊन बसले.

मिस्त्री मात्र तेथेंच उकिडवे बसून राहिले. मग त्यांनीं हवेच्या झडपेची दांडी दोन बोटांत धरून हलविली. ती खुळखुळत होती. वर्षानुवर्षांच्या घर्षणानें दांडी व तिची भोंकें झिजलीं होतीं, आणि त्या फटींतून चोरहवा आंत जात होती. तेव्हां सर्व उलगडा झाला. पूर्वीं कोणीतरी हीच व्याधि पाहिली होती. मिश्रण दुबळें होतें हें त्यानें ओळखलें होतें. पण दांडीपर्यंत न जातां त्यानें सुई घासून पेट्रोल वाढविलें होतें. एक चूक दुसऱ्या चुकीनें झांकली गेली, आणि गाडी कांहीं वर्षें चाललीही. आम्हीं दुसरी चूक काढून टाकली, तेव्हां पहिली उघडी पडली.

एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हां निरनिराळ्या प्रती मिळवून पाठ निश्चित केला, आणि त्यांत आपली ओवी कोणीं घालूं नये असें बजाविलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ मध्यें हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ मध्यें पूर्ण झाली. इतका काळ लागला, कारण एक पाठ बदलला कीं त्याच्या शेजारच्या पाठांची पुन्हां तपासणी करावी लागते. शुद्ध शब्द अशुद्ध ओळींत बसविला तर वाचणाऱ्यास तोच शब्द चुकीचा वाटतो. आमची इंग्लंडहून आलेली सुई त्या दिवशीं सर्वांस चुकीची वाटली, ती याच कारणानें.

दांडीसाठीं नवे पितळी बुश पुण्यांतच एका लेथवर कातून घेतले. ते मूळ कारखान्याचे नव्हते. कोणत्याही यादींत त्यांचा क्रमांक नाहीं. तरी ते योग्य होते. कारण त्यांनीं दांडी पुन्हां आपल्या जागीं आणली. उलट दट्ट्या व त्याचें घुमटासारखें झांकण हे आम्हीं मुळींच बदलले नाहींत. हे दोन भाग कारखान्यांत एकमेकांशीं जुळवून निवडलेले असतात. एका जोडीचा दट्ट्या दुसऱ्या जोडीच्या झांकणांत घालूं नये असा सक्त नियम आहे. त्यांना मऊ फडक्यानें पुसण्यापलीकडे हातच लावावयाचा नाहीं. कोठें हात आंखडावा आणि कोठें चालवावा, हें ज्याचें त्याचें काम पाहूनच ठरतें.

गाडी चालूं लागली. पण वेग घेतांना थोडी अडखळे. आतां दोष गाडींत उरला नव्हता. तो पेट्रोलकडे गेला होता. ज्या पेट्रोलसाठीं ती सुई आंखली होती तें आज मिळत नाहीं. शिसें मिसळलेलें पेट्रोल भारतांत २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झालें. आणि २०२५ पर्यंत पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत आलें. इथेनॉलमध्यें प्राणवायु आधींच असतो. त्याला जळण्यास वजनानें नऊपट हवा पुरते. त्यामुळें जुन्या मापाच्या फटींतून येणारें आजचें मिश्रण दुबळें पडतें. शिवाय जुन्या बुचाच्या व रबराच्या वॉशरांना इथेनॉल मानवत नाहीं; ते आम्हीं नव्या पदार्थाचे घातले.

मग मूळ सुईचा आग्रह धरावा कीं नाहीं? येथें पुन्हां कारखान्याचीं कोष्टकेंच उपयोगी पडलीं. प्रत्येक गाडीपुढें कारखान्यानें एक सुई लिहिली नव्हती, तीन लिहिल्या होत्या: एक प्रमाण, एक अधिक दाट मिश्रणाची, एक अधिक पातळ मिश्रणाची. परिस्थिति बदलते हें त्या जुन्या लोकांना ठाऊक होतें, आणि तिच्यासाठीं त्यांनीं जागा ठेविली होती. आम्हीं दाट मिश्रणाची सुई घेतली. ती गाडीबरोबर जन्मास आलेली नव्हे. परंतु काचकागदानें केलेला बदल आणि हा बदल यांत अंतर आहे. पहिला कोणास उलटवितां येणार नाहीं, कारण तो कोठें लिहिलेला नाहीं. दुसऱ्याला नांव आहे, माप आहे, आणि उद्यां कोणाला तो चुकीचा वाटला तर तो परत फिरवितां येईल.

भारतांत २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नियम कडक झाले, आणि नव्या दुचाक्यांतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. त्याला खोलून, मांडून, पुन्हां जुळविणारे हात हळूहळू कमी होत जाणार. आमचे मिस्त्री म्हणाले कीं त्यांचा मुलगा कॉम्प्युटर लावून गाडीचा दोष पाहतो, आणि तेंही खरेंच काम आहे. "पण दांडी हलवून बघायची, हें त्याला मी सांगून ठेवलंय," असें त्यांनीं पुढें जोडलें.

दसऱ्याच्या दिवशीं गाडी दिंडी-दरवाजाबाहेर निघाली. स्नेही चालकाशेजारीं बसले होते. परत आल्यावर त्यांनीं वडिलांची जुनी हिशेबाची वही काढली. तींत १९५८ सालापासूनचे पेट्रोलचे व टायरांचे खर्च सुबक अक्षरांत होते. कार्ब्युरेटरची सुई घासल्याचा उल्लेख कोठेंही नव्हता. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनीं माझ्याकडून तारीख, बुशाचें माप, काढलेल्या सुईचें अक्षर, बसविलेल्या सुईचें अक्षर आणि बदलाचें कारण लिहून घेतलें. घासलेली सुई कागदांत गुंडाळून त्याच पानाला टांचली, आणि खालीं मिस्त्रींची सही घेतली.